आधी माप, मग कात्री

मैत्रिणींनो, ब्लाऊज शिवायला टाकलं की शिंपी आधी माप घेतो. गळा केवढा, बाही किती, हे विचारतो आणि मगच कापडाला कात्री लावतो. कॉम्प्युटरच्या कामातही तसंच माप घ्यायचं असतं. ज्याला ते वापरायचंय त्याच्यापाशी बसायचं, तो कुठे अडतो ते लिहून घ्यायचं, नमुना दाखवायचा आणि मगच पुढे जायचं. त्या धंद्यातले लोक याला 'रिक्वायरमेंट' घेणं म्हणतात. पण बऱ्याचदा माप घेतात साहेबाचं आणि घालायचं असतं आपल्याला!

अंगणवाडीचंच बघा. 2021 मध्ये केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' ॲप आलं. त्यातली माहिती आपल्याकडच्या सेविकांना इंग्रजीतून भरावी लागे, आणि हातातले सरकारी मोबाईल संथ, सारखे बिघडणारे. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी ते मोबाईल परत केले. मागणी काय, तर मराठी द्या आणि चालणारा फोन द्या. एका अंगणवाडीत तासभर बसलं असतं तरी हे कळलं असतं.

'लाडकी बहीण'चंही तेच. सप्टेंबर 2025 मध्ये महिन्याच्या दीड हजारासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी हवा. मग जिचा नवरा गेला, वडीलही नाहीत, तिनं काय करायचं? घटस्फोटितेनं ओटीपी कुणाकडे मागायचा? गाऱ्हाणी वाढल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद देण्याची सोय झाली. बरंच झालं. पण शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात अशा एकट्या बायका गावोगाव आहेत. आमच्या जळकोटात चार दारं जरी आधी वाजवली असती, तरी ही अडचण समजली असती. ज्या बाईला त्या पैशाची सगळ्यात जास्त गरज, तीच नेमकी अडली.

म्हणून बचत गटात मी सांगते, मोबाईलवर अडलं की 'मलाच येत नाही' म्हणून गप्प बसू नका. कुठे अडलं, काय मागितलं, ते तारखेसह लिहून ठेवा आणि ग्रामसभेत मांडा. सरकारनंही कुठलंही ॲप राज्यभर लावण्याआधी एखाद्या खेड्यात वापरून बघावं. तिथे एक विधवा, एक निरक्षर आणि एक साध्या फोनवाली बाई असलीच पाहिजे.

ब्लाऊज बसलं नाही तर दोष अंगाचा नसतो, मापाचा असतो.