उंबरठ्याबाहेर उभे राहण्याचा हक्क

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती सेनाधिकाऱ्याची याचिका फेटाळली. २०१७ साली लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झालेल्या या तरुणाला मार्च २०२१ मध्ये सेवेतून बडतर्फ करण्यात आले होते. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही आणि लष्करी न्यायालयापुढे रीतसर खटलाही नाही. रणांगणातून पळाल्याचा, पैसा खाल्ल्याचा किंवा शत्रूला खबर दिल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. पलटणीच्या मंदिरात आणि गुरुद्वारात तो आपल्या शीख जवानांबरोबर जाई; परंतु गाभाऱ्यात शिरून पूजाअर्चेत भाग घेण्यास त्याने नकार दिला. आपला धर्म एका ईश्वराखेरीज अन्य कोणाची पूजा मान्य करीत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बडतर्फी उचलून धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. असा माणूस सैन्याला अपात्र आहे, असा न्यायमूर्तींच्या शेऱ्यांचा सूर होता.

निकाल लागला, वृत्तपत्रांत दोन दिवस चर्चा झाली आणि प्रकरण मिटले. आपल्या गोटातही फारशी खळबळ उडाली नाही. उलट, नागपुरातील आमच्या काही पुरोगामी मित्रांनी खांदे उडवले. "आत जाऊन दोन मिनिटे हात जोडले असते तर त्याचे काय बिघडले असते?" हा त्यांचा प्रश्न. देव न मानणारे आमचे हे मित्र स्वतः सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणत नाहीत. मग या ख्रिस्ती पोराचा एवढा हट्ट कशासाठी, असे त्यांना वाटते. ज्यांच्याकडून विरोधाची अपेक्षाच नव्हती त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. माझे भांडण आहे ते या मित्रांशी.

महाराष्ट्रातील समतेच्या चळवळीचा इतिहास मंदिराच्या दाराशी घडला आहे. १९३० साली डॉ. आंबेडकरांनी नाशिकच्या काळारामाच्या दाराशी सत्याग्रह आरंभला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठोबाचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून प्राण पणाला लावले. त्या लढ्यांचा अर्थ केवळ 'देवळात शिरणे' एवढाच होता काय? देवापुढे कोणी जावे आणि कोणी जाऊ नये हे ठरविण्याचा अधिकार बडव्यांचा नाही, तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा आहे, हे त्या लढ्यांचे सार होते. हे सार मान्य असेल तर त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. आत जाण्यापासून रोखणारा बडवा आणि आत जाण्याची सक्ती करणारा हुकूम ही एकाच अन्यायाची दोन रूपे आहेत. प्रवेशाच्या हक्कासाठी ज्यांनी उपोषणे केली, त्यांच्या वारसांनी उंबरठ्याबाहेर उभे राहण्याच्या हक्काविषयी मौन पाळावे, हे कोणत्या तर्कात बसते?

या प्रश्नावर नागपूरच्या माणसाने बोलण्याला विशेष कारण आहे. येथून जेमतेम काही मैलांवर, कन्हानच्या काठी, १८२१ पासूनची कामठीची छावणी आहे. मद्रासी पलटणी तेथे आल्या आणि त्यांच्यामागून दक्षिणेकडील ख्रिस्ती कुटुंबेही आली. नागपूरच्या स्कॉटिश मिशनला पहिला आधार मिळाला तो याच छावणीतील मद्रास सैन्याच्या हिल नावाच्या अधिकाऱ्याच्या देणगीचा. त्या मिशनचे काम करायला स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही शहरात उभे आहे. पलटण, प्रार्थनाघर आणि परिवार यांचे नाते येथे पावणेदोनशे वर्षांहून जुने आहे. ते नाते साम्राज्यसत्तेच्या छायेत जुळले, हे आपण विसरता कामा नये. पण त्या छायेचा डाग आजच्या ख्रिस्ती जवानाच्या कपाळी लावणे हा शुद्ध कांगावा होय.

तसा डाग लावण्याचे प्रयत्न मात्र याच शहरात झाले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर असताना १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालाने धर्मांतराला परकीय पैशाशी आणि राष्ट्रनिष्ठेच्या प्रश्नाशी जोडून ठेवले. पुढे दहा वर्षांनी, १९६६ साली, याच नागपुरात मुख्यालय असलेल्या संघटनेच्या सरसंघचालकांचे 'बंच ऑफ थॉट्स' प्रसिद्ध झाले. त्यात राष्ट्रापुढील अंतर्गत संकटांच्या यादीत मुसलमान, ख्रिस्ती आणि कम्युनिस्ट अशी क्रमवार प्रकरणे होती.

या यादीला उत्तर कोणी दिले? आपल्या व्याख्यानांनी नव्हे. ते दिले कामठीत ज्या रेजिमेंटचे केंद्र आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या एका लान्सनायकाने. १९४९ मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट एका जातीची किंवा एका प्रांताची नाही; साऱ्या देशातील सर्व जातिधर्मांचे जवान तिच्यात एकत्र भरती होतात. तिच्या १४ व्या बटालियनमध्ये गुमला भागातील जारी गावचा अल्बर्ट एक्का होता. उराँव आदिवासी आणि धर्माने ख्रिस्ती, म्हणजे वरील यादीप्रमाणे 'अंतर्गत संकट'! ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरतळ्याजवळ, सीमेपलीकडील गंगासागरच्या लढाईत शत्रूच्या बंकरवर तो चालून गेला. जखमी झाल्यावरही थांबला नाही. एका इमारतीतून आग ओकणारी मशीनगन बंद पाडून तो कोसळला. मरणोत्तर परमवीरचक्र त्याला मिळाले. गार्ड्सचे चिन्ह गरुड आहे. त्या गरुडाखाली हा ख्रिस्ती आदिवासी लढला आणि मेला. शौर्य सिद्ध करण्यासाठी त्याला कोणत्याही गाभाऱ्यात जाऊन आरती करावी लागली नाही.

आणि त्याच्या कुटुंबाचे काय झाले? अल्बर्ट एक्काचा देह त्रिपुराच्या मातीत विसावला. त्या समाधीची मूठभर माती आपल्या गावी यावी, यासाठी त्याच्या पत्नीला आणि मुलाला चार दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. चौकाचौकांत हुतात्म्याचे पुतळे उभारणाऱ्या राष्ट्राला त्याच्या विधवेची ही साधी इच्छा पुरी करायला इतका वेळ लागला. ख्रिस्ती श्रद्धेत मृताच्या समाधीला काय मोल आहे, हे जाणून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. सैनिकाचा धर्म त्याच्या हजेरीपटावरच्या रकान्यात नसतो. तो त्याच्या घरात असतो. रविवारच्या प्रार्थनेत, मुलाच्या नामकरणात, आईच्या दफनात असतो. बाप बर्फात पहाऱ्यावर असताना मुलांना घेऊन प्रार्थना करणारी बाईच तो धर्म सांभाळत असते. म्हणून जवानाच्या सद्सद्विवेकावर घाव घातला की तो थेट त्याच्या घरावर पडतो. "तुमचा देव खरा असेल तर बाबा हुकमाने दुसऱ्या देवाची पूजा का करतात?" असे मुलाने विचारले तर त्या बापाने काय उत्तर द्यायचे?

येथे मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका घराची आठवण होते. नारायण वामन टिळकांचे मन ख्रिस्ताकडे प्रथम वळले ते नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेल्या 'नव्या करारा'मुळे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. घर दुभंगले, वर्षे ताटातुटीत गेली. पुढे पती-पत्नी पुन्हा एकत्र आली, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. त्या काळचा नवरा! त्याचा शब्द म्हणजे घरातला कायदाच. तरीही श्रद्धेच्या बाबतीत तो हुकूम चालला नाही. नवऱ्याला बायकोवर जो अधिकार गाजवता आला नाही, तो कमांडिंग ऑफिसरला कनिष्ठावर गाजवता यावा काय?

विरोधी बाजूचा युक्तिवाद पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. सैन्य म्हणजे वादसभा नव्हे. अधिकाऱ्याच्या शब्दावर जवान मरणाच्या तोंडी जातो. तो शब्द मानण्यासाठी अधिकारी आपला आहे अशी जवानाची खात्री असावी लागते. पलटणीचा गुरुद्वारा किंवा मंदिर हे या आपलेपणाचे ठिकाण असते. आपला अधिकारी दाराशी थबकला तर जवान दुखावेल, ही भीती खोटी नाही. न्यायालयाने हेच वजनदार मानले. एका धर्मोपदेशकानेही 'आत जाण्याने धर्म बुडत नाही' असे सांगितल्याचा आधार त्यात घेतला गेला.

परंतु जरा खोलात जाऊ. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे, तिच्या धर्मोपदेशकाला नव्हे. १९८६ साली याच सर्वोच्च न्यायालयाने बिजॉय इमॅन्युएल प्रकरणात केरळातील तीन मुलांना शाळेत परत घेण्यास लावले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. श्रद्धा प्रामाणिक आहे ना, एवढेच न्यायालयाने पाहिले. ती इतरांना पटते की नाही, हे नव्हे. शाळा म्हणजे पलटण नव्हे, हे खरे. सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार ३३ व्या अनुच्छेदाने दिला आहे, हेही खरे. पण तो दिला आहे संसदेला, आणि तोही कायदा करून. १९५० च्या लष्कर कायद्याच्या २१ व्या कलमात कामगार संघटना, राजकीय संस्था, सभा-निदर्शने आणि वृत्तपत्रे यांविषयीचे निर्बंध आहेत. त्या यादीत श्रद्धेचे नाव नाही. उलट, त्याच कायद्याचे ६४ वे कलम कोणाच्याही धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणाऱ्या सैनिकाला शिक्षा सांगते. जे संसदेने काढून घेतले नाही, ते हुकमाने कसे काढून घेता येईल?

आणि जवानांच्या भावनांचे म्हणाल, तर दाराशी नम्रपणे उभा राहिलेला अधिकारी जवानाचा अपमान करतो की मनात नसताना हात जोडण्याचे सोंग करणारा? श्रद्धाळू शीख शेतकऱ्याच्या पोराला हा फरक कळत नाही, असे समजणे हाच त्याचा अपमान आहे. आपल्याच देशात एस. एफ. रॉड्रिग्ज सेनाप्रमुख झाले, आर. एल. परेरा नौदलप्रमुख झाले, डेनिस ला फाँटेन हवाईदलप्रमुख झाले. तिन्ही दलांनी ख्रिस्ती सेनानींचे नेतृत्व पत्करले आणि त्यामुळे कोणाचे मनोधैर्य खचले नाही.

खरी गोष्ट अशी की 'सर्वधर्मसमभावा'चा अर्थ हळूहळू बदलत आहे. सर्वांनी सर्वांचा आदर करावा, याऐवजी थोड्यांनी बहुसंख्यांच्या पूजेत सामील व्हावे, असा तो होऊ लागला आहे. २०२२ मध्ये प्रजासत्ताकदिनाच्या सांगता सोहळ्यातून 'अबाइड विथ मी' ही गांधीजींची आवडती ख्रिस्ती प्रार्थना वगळली गेली आणि तिच्या जागी लता मंगेशकरांच्या आवाजाने अजरामर केलेल्या गीताची धून आली. त्या गीताविषयी आम्हाला प्रेमच आहे. पण दोन्हींना जागा नव्हती काय?

ज्यांना हा अजूनही ख्रिस्त्यांचा घरगुती प्रश्न वाटतो, त्यांनी दीक्षाभूमीकडे पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो स्त्री-पुरुषांनी तेथे बावीस प्रतिज्ञा घेतल्या. हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटशी विदर्भातील कितीतरी घरांचे नाते आहे. त्या घरातील बौद्ध मुलगा उद्या अधिकारी झाला आणि त्याला गाभाऱ्यात आरतीचे ताट धरण्याचा हुकूम झाला, तर त्याने बाबासाहेबांना दिलेला शब्द मोडायचा की नोकरी सोडायची? आणि देवच न मानणाऱ्या आमच्या त्या मित्राच्या मुलाने काय करायचे? आज ख्रिस्ती लेफ्टनंट एकटा आहे असे वाटते. उद्याच्या रांगेत आपलीच मुले आहेत.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक तुकडीत सर्वधर्मस्थळ असावे; अनेक ठिकाणी ते आहे, तेव्हा ते अशक्य मुळीच नाही. जवानांबरोबर उपस्थित राहणे हे कर्तव्य मानावे. पूजा करणे हे कर्तव्य मानू नये, आणि हा भेद लष्करी नियमांत लिहून ठेवावा. केवळ सद्सद्विवेकाच्या कारणावरून कोणालाही खटल्याविना आणि निवृत्तिवेतनाविना घरी पाठवू नये. आपल्या खासदारांना पत्रे लिहा, शाखांच्या बैठकांत ठराव करा, माजी सैनिकांच्या घरी जाऊन या विषयावर बोला. कामठीपासून आरंभ करायला काय हरकत आहे?

राष्ट्राने सैनिकाकडे त्याचे प्राण मागावेत, तो देतो. गंगासागरला एका ख्रिस्ती आदिवासीने ते दिले. त्याउपर त्याचा देवही मागण्याचा अधिकार राष्ट्राला नाही.