इंजिनचे ऑईल : काळजी किती, कर्मकांड किती?



घरच्या घरी इंजिनचे ऑईल बदलताना किती काळजी घ्यावी, हा काय संपादकीयाचा विषय झाला, असे कुणी विचारील. झाला. कोरडवाहू कपाशी-ज्वारीच्या शेतीत यंत्र म्हणजे विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन आणि फार तर एक ट्रॅक्टर. त्यांच्या कामाचे खरे दिवस वर्षात मोजकेच. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की पेरणीला हाती लागतात ते चार-सहा दिवस. पुढे भाद्रपदात पाऊस ताण देतो, कपाशीला बोंडे धरत असतात आणि विहिरीत जेमतेम एका पाळीचे पाणी असते, तेव्हाचे आठ-दहा दिवस. नेमके त्याच दिवसांत इंजिन जागेवर बसले, तर मिस्त्रीचे बिल ही नुकसानीची लहान बाजू. मोठी बाजू हंगामाची, आणि ती कुणी भरून देत नाही.

इंजिन बसते ते बहुधा एका दिवसात बिघडलेले नसते. ते दोन-तीन वर्षे आतून झिजत आलेले असते. म्हणून ऑईल बदलण्याच्या अर्ध्या तासाला महत्त्व आहे.

या बाबतीत गावोगाव दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, नट खोला, जुने सांडा, नवे ओता, एवढ्याचे काय कौतुक? दुसरा पंथ आधी डिझेलने चेंबर धुतो, नव्या तेलात बाटलीतले औषध टाकतो, आठ दिवसांनी तेल काळे दिसले की दुकानदाराला शिव्या देतो. पहिला काळजीच घेत नाही. दुसरा घेतो, पण भलतीकडे. दोघांनाही लागू पडेल अशी कसोटी सोपी आहे. ही खबरदारी इंजिनात धूळ-पाणी जाऊ देत नाही का? तेल आत आणि खुणेइतके ठेवते का? माणसाला इजेपासून वाचवते का? तिघांपैकी एकाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ती कितीही बारीक असो, घ्यावी. तिन्हींचे ‘नाही’ असेल तर ते कर्मकांड, मग ते कितीही महाग असो.

पहिली गोष्ट धुळीची. चालत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना न दिसणारा मातीचा कण त्या थरात शिरला की बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसतो आणि क्रँकला कानशीसारखा घासत राहतो. आपल्या इंजिनाभोवती धूळ असते, पऱ्हाटीचा पाला असतो, कपाशीचे तंतू असतात. म्हणून तेल भरायचे झाकण, ऑईलची पट्टी आणि चेंबरचा नट यांच्या भोवतालची जागा खोलण्यापूर्वी पुसून घ्या, खोलल्यावर नव्हे. पुसायला धुतलेले, तंतू न सुटणारे फडके घ्या. कापसाचा बोळा आपल्या घरात फुकट असला तरी त्याचे तंतू आत जाऊन जाळीवर बसतात. नरसाळे उलटे टांगून ठेवा आणि वापरण्यापूर्वी पुन्हा पुसा. वारा सुटला असेल तर काम सकाळवर ढकला. या साऱ्याचा खर्च शून्य आहे.

पण एक ध्यानात घ्या. धूळ तेलाच्या झाकणातून वर्षात दोन-चार वेळा शिरू शकते. हवेच्या फिल्टरमधून ती रोज शिरू पाहते. ज्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर आहे, त्याने पेरणीच्या आणि मळणीच्या धुळीत ती वाटी रोज खोलून पाहावी. तळाला गाळ बसला असेल तर धुऊन, खुणेइतकेच नवे तेल भरावे. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप चिरलेला असेल, तर महागातले महाग ऑईलही त्या इंजिनाला वाचवू शकत नाही.

दुसरी गोष्ट तेल पुरते काढण्याची. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून, कोमट झाल्यावर तेल काढा. गरम तेल पातळ होते आणि तरंगणारी काजळी सोबत घेऊन उतरते; गार इंजिनातला गाळ तळाला तसाच राहतो. मात्र उकळते तेल हातावर घेऊ नका, आणि बंद खोलीत इंजिन चालवू नका. त्या धुराने माणूस दगावतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा. विटांच्या थरावर चढवलेल्या ट्रॅक्टरखाली कुणी शिरू नये.

तिसरी गोष्ट नट, वायसर आणि फिल्टर यांची. चेंबरच्या नटाचा वायसर नवा टाका. चहाच्या कपाइतकी त्याची किंमत. तांब्याचा असेल आणि नवा मिळत नसेल, तर लाल तापवून गार केला की तो मऊ होतो आणि पुन्हा बसतो. नट आधी हाताने फिरवून आटे बसल्याची खात्री करा, मगच पाना लावा. जोर दाखवायची ही जागा नव्हे. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की दोष पिढीजात होतो.

फिरवून बसवायच्या फिल्टरची जुनी रबरी कडी कित्येकदा इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन कड्या एकमेकींवरून सरकतात आणि काही मिनिटांत सारे तेल जमिनीवर येते. इंजिन जायला तेवढे पुरते. म्हणून जुना फिल्टर हातात आला की त्याची कडी आहे ना, हे आधी पाहा. नव्या कडीला तेलाचे बोट फिरवा, फिल्टर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा.

नवा फिल्टर आधी तेलाने भरावा का, यावर मिस्त्री मिस्त्रीशी भांडतो. इंजिन सुरू होताना काही सेकंद तेलाचा दाब नसतो. साध्या इंजिनात मागच्या वेळचा थर तेवढे निभावून नेतो. फिल्टरच्या मधल्या मोठ्या भोकातून ओतलेले तेल मात्र कागदातून न गाळता सरळ बेअरिंगकडे जाते. भरायचाच तर कडेच्या बारीक भोकांतून, स्वच्छ तेलाने भरा. त्याहून सोपा उपाय पंपाच्या इंजिनाला आहे. डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून हँडलने पंधरा-वीस फेरे द्या आणि मग सुरू करा. टर्बोच्या ट्रॅक्टरला कंपनीची पुस्तिका सांगते तसेच करा. दाबाचा काटा वर येईपर्यंत कोणत्याही इंजिनाला रेस देऊ नका.

चौथी गोष्ट मापाची. पट्टीवर दोन खुणा आहेत त्या शोभेच्या नव्हेत. कमी तेल वाईट हे सर्वांना ठाऊक आहे. जास्त तेलही वाईट. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. भरल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन चालवा, बंद करा, दहा मिनिटे थांबून पुन्हा पट्टी पाहा. फिल्टरने प्यालेले तेल तेव्हा कळते. खाली वाकून ठिबक आहे का तेही पाहा.

आता कर्मकांडाकडे. डिझेल किंवा रॉकेलने चेंबर धुऊ नका. त्यातले थोडे आत राहते आणि नवे तेल पातळ करते. सुटलेला गाळ जाळीत अडकतो तो वेगळाच. योग्य ग्रेडच्या तेलात लागणारी औषधे कारखान्यातच घातलेली असतात, वरची बाटली विकत घेण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनातले नवे तेल लवकर काळे पडते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. भ्यायचे ते दुसऱ्या रंगाला. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पट्टीवरची पातळी आपोआप चढली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल गळून खाली येत आहे. अशा वेळी तेल बदलून भागत नाही, मिस्त्री गाठावा.

बाजाराकडूनही सावध राहावे लागते. वापरलेले तेल गाळून नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात विकण्याचा धंदा चालतो. सील पाहून घ्या, पक्की पावती मागा, आणि आपला रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी भोसकून टाका. आपलाच डबा आपल्याकडे परत येऊ नये.

बदलायचे कधी, हे पुस्तिकेत तासांत दिलेले असते. पुष्कळ ट्रॅक्टरांना ते २५० तासांच्या आसपास असते. पंपाच्या इंजिनाला तासांचे मीटर नसते, पण डिझेलचा हिशेब तर आपल्याकडे आहे. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर डिझेल पिते. डिझेलचे लिटर मांडा, तास आपोआप कळतील. तारीख आणि आकडा इंजिनघराच्या भिंतीवर खडूने लिहा. हिशेब ठेवणाऱ्याला मिस्त्री फसवत नाही आणि दुकानदारही नाही.

शेवटी जळक्या तेलाचे. ते विहिरीच्या काठावर सांडणे म्हणजे आपल्याच पिण्याच्या पाण्यात कालवणे. सरबताच्या बाटलीत किंवा गोडेतेलाच्या डब्यात ते कधीही ठेवू नका, पोर तोंडाला लावील. हातही लगेच साबणाने धुवा; वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिलेल्या जळक्या तेलाने कातडीच्या कर्करोगाचा धोका असतो. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले आहे आणि ते परवानाधारक कारखान्याकडेच जावे असे म्हटले आहे. एकट्याच्या चार लिटरसाठी कुणी येत नाही. गावाने एक पिंप ठेवले, तर त्याला गिऱ्हाईक मिळते.

भावांनो, पाऊस आपल्या हातात नाही, भाव अजून आपल्या हातात नाही. फडके, वायसर आणि पट्टी मात्र आपल्या हातात आहेत. मृग यायच्या आधी, वेळ आहे तोवर, आपापल्या इंजिनाची पट्टी ओढून पाहा.