कीटोनचा आकडा आणि गोळ्यांची यादी

वजन उतरवण्यासाठी कीटो आहार सुरू करणाऱ्याच्या दिमतीला आज बरीच साधनं आहेत. ताटातली कर्बोदकं मोजणारं अ‍ॅप आहे. रक्ताच्या थेंबावरून कीटोन सांगणारं मीटर आहे, लघवीत बुडवायच्या पट्ट्या आहेत. नुसती फुंकर मारली की श्वासातला अ‍ॅसिटोन हा कीटोन मोजणारं, खिशात मावणारं यंत्रही आहे. ही साधनं उपयोगाची आहेत, असं माझं मत आहे. मात्र त्यांच्या भरवशावर एकट्यानेच कीटो करू नये, असंही माझं तितकंच ठाम मत आहे.

हा आहार मुळात वजनासाठी नव्हताच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. दिवसाची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमवर आणली की शरीर इंधनासाठी चरबीकडे वळतं आणि यकृत कीटोन तयार करू लागतं. रक्तात त्यांचं प्रमाण लिटरमागे साधारण ०.५ ते ३ मिलिमोल झालं की शरीर ‘कीटोसिस’मध्ये आहे असं म्हणतात.

आता आपल्या स्वयंपाकघरातून या २० ग्रॅमकडे पाहू. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे कडक कीटो करणाऱ्याचा दिवसाचा कोटा एका भाकरीतच ओलांडला जातो. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. चिंच-गुळाच्या आमटीतला गूळ कुणाच्या हिशेबात येत नाही. अ‍ॅपमध्ये ‘एक वाटी आमटी’ अशी नोंद सापडते, पण वाटी कुणाची? घराघरातली वाटी वेगळी आणि आमटीचा दाटपणाही वेगळा. म्हणून अ‍ॅप वापरायचंच असेल तर सोबत छोटा वजनकाटा घ्यावा आणि पीठ, डाळ, दाणे शिजवण्याआधी, कोरडे असतानाच मोजावेत. चार दिवस असं केलं की डोळ्यांना अंदाज येतो. माझ्या मते अ‍ॅपचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

दुसरा फायदा आहे धीराचा. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, पण त्यात बराच वाटा पाण्याचा असतो. शरीरातला साठवणीचा ग्लायकोजेन संपतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं. नंतर वेग मंदावतो आणि माणूस खचतो. अशा वेळी रोजचा कीटोनचा आकडा ‘मी वाट सोडलेली नाही’ एवढं सांगतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १५५ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे जादा वजनाचे प्रौढ. एका गटाला श्वासाचं यंत्र आणि कीटोचं अ‍ॅप दिलं, दुसऱ्याला कॅलरी बेताने खायला शिकवणारं नावाजलेलं अ‍ॅप. १२ आठवड्यांत पहिल्या गटाचं वजन सरासरी साडेपाच किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं अडीच किलोंनी. अर्थात दोन्ही गटांचा आहारही वेगळा होता, त्यामुळे यातलं श्रेय यंत्राचं किती आणि आहाराचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला प्रयोग. डॉ. सारा हॉलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. टाइप २ मधुमेहाच्या २६२ रुग्णांनी कीटो आहार घेतला. वर्षाअखेर त्यांतले ८३ टक्के टिकून होते आणि वजन सरासरी १२ टक्क्यांनी उतरलं होतं. रुग्णांनी हा मार्ग स्वतःहून निवडला होता, त्यामुळे ते मुळातच जिद्दीचे असणार, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही त्या यशाची घडण पाहण्यासारखी आहे. रुग्ण रोज साखर, कीटोन आणि वजन अ‍ॅपवर टाकत होते. ते आकडे पलीकडे एक प्रशिक्षक वाचत होता आणि त्यांवरून डॉक्टर औषधं कमी करत होते. आपल्याकडे यातलं अ‍ॅप तेवढं आलं, डॉक्टर मागेच राहिले.

माझ्या थोरल्या भावाला मधुमेह आहे. त्याने श्वासाचं यंत्र मागवलं तेव्हा मी विचारलं, “दादा, डॉक्टरांशी बोललास का?” तो म्हणाला, “अगं, जेवण बदलायला डॉक्टर कशाला?” अखेर तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी पाहिली आणि कीटो सुरू करण्याआधी डापाग्लिफ्लोझिन बंद केली, ग्लिमेपिराइडचा डोस उतरवला.

त्यामागचं कारण प्रत्येक मधुमेहीच्या घरात माहीत असायला हवं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. या गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी होते, धाप लागते. हा जिवावरचा प्रसंग असतो आणि साखरेचं मीटर मात्र जवळपास नेहमीचाच आकडा दाखवू शकतं. कीटोनचं अ‍ॅप तर वाढत्या आकड्याला शाबासकी देत राहील. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर याउलट धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच: कीटोत शरीरातून मीठ आणि पाणी जास्त जातं, त्यामुळे जुना डोस भारी पडतो आणि उठताना चक्कर येते.

आणखी एक गोष्ट फुंकरीच्या यंत्राला कळत नाही. ताटातल्या लोण्या-तुपापासूनही कीटोन बनतात, त्यामुळे आकडा चढला म्हणजे पोटाची चरबी वितळतेय असं नव्हे. काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल या आहारात वाढतं. ते फक्त रक्ततपासणीत दिसतं.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. यंत्र मागवण्याआधी आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘मी कीटो सुरू करतोय’ किंवा ‘करतेय’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. कोलेस्टेरॉल आधी तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. अ‍ॅपमधले आकडे दर भेटीला डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा मूत्रपिंड, यकृताचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने हा आहार सुरू करू नका.