दोष कोणाचा, शासन कोणास?

आमच्या शाळेच्या वार्षिकांत असला विषय कशास, असें कांहीं पालकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु चार वर्षांपूर्वीं एक गृहस्थ मजकडे आले व म्हणाले, "माझ्या मुलाची जागा बदला, शेजारच्या मुलाच्या आईस तो रोग आहे असें ऐकतों." ती बाई त्या वेळीं गरोदर होती. मीं निमूटपणें जागा बदलून दिली. तें कृत्य मला अद्याप सलतें, म्हणून हा लेख.

एच्. आय्. व्ही. हा विषाणु एका बांकावर बसल्यानें, एका ताटांत जेविल्यानें किंवा हात धरल्यानें जडत नाहीं. मातेपासून अर्भकास तो गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं अथवा स्तन्यपानांतून जाऊं शकतो, हें खरें. कांहींच उपाय न केल्यास शंभरांतील १५ ते ४५ बालकांस तो जडतो. औषधें वेळींच सुरू करून नियमानें घेतलीं, तर हें प्रमाण ५ हूनहि खालीं येतें. आपल्या देशांत सरकारी केंद्रांतून हीं औषधें २००४ पासून विनामूल्य मिळूं लागलीं, आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस तीं आजन्म देण्याचें धोरण आहे. क्यूबासारख्या लहानशा देशानें तर मातेकडून मुलाकडे जाणारा हा संसर्ग जवळजवळ निपटून काढला, व जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं त्यास तसा दाखला दिला.

मग अडतें कोठें? माझ्या मतें माजघरांत. गोळी रोज न चुकतां घ्यावी लागते. आणि जी सासूपासून लपवून घ्यावयाची, ती गोळी चुकतेच. पहिल्या बाळंतपणास मुलीनें माहेरीं जावें, ही आपली गोड चाल. पण तेथें आईसहि सांगण्याची चोरी असली, तर गोळ्यांची डबी ट्रंकेच्या तळाशींच राहते. जन्मल्यावर बाळासहि कांहीं आठवडे औषध पाजावयाचें असतें. तें कोण व कसें लपवून पाजणार? डॉक्टरांनीं अंगावरचें दूध पाजण्यास सांगितलें असेल, तर पहिले सहा महिने दुसरें कांहीं द्यावयाचें नसतें. येथें आजीबाईंची मधाची घुटी आड येते, आणि कारण सांगण्याची सुनेची छाती होत नाहीं.

गरोदरपणीं तपासणी होते, म्हणून घरांत प्रथम निदान बहुधा सुनेचें होतें. जिचें निदान प्रथम, तिनेंच रोग आणला, असा अजब न्याय मग लाविला जातो. वस्तुतः कित्येक घरीं तो पतीकडून आलेला असतो. त्याचें रक्त तपासावें असें मात्र कोणी सुचवीत नाहीं. तो पुरुष ना!

२०१७ च्या कायद्यानें अशा माणसांशीं भेदभाव करण्यास मनाई केली आहे व त्यांची स्थिति संमतीवांचून उघड करण्यासहि बंदी घातली आहे. कायदा चांगला आहे. परंतु सातव्या महिन्यांत तिची ओटी भरा, औषधाच्या दिवशीं एकाद्या जावेनें तिच्या सोबतीस जा, हें कायद्यास सांगतां येत नाहीं. तें सासूबाईंनीं, नणंदांनीं आणि शेजारणींनीं करावयाचें आहे. आणि सर्वांत आधीं तिच्या पतीनें.

तो मुलगा वर्षअखेरपर्यंत त्या बांकावर एकटाच बसला. त्यानें मला कारण विचारलें नाहीं. बहुधा तें त्यास ठाऊक होतें.