दांत्यांचा हिशेब

वसई रोड स्थानकावर गाडीची वाट पाहण्याचा प्रसंग वसई-विरारकरांस नवा नाहीं. परवां आम्ही तेथें उभे असतां एक लांबलचक मालगाडी मंदगतीनें दिव्याच्या फांट्याकडे वळली, आणि पाठोपाठ गुजरातेकडची जलद गाडी धडधडत निघून गेली. आमचा धाकटा पुतण्या बरोबर होता. तो म्हणाला, “काका, मालगाडीचें इंजिन अगदींच रडतराऊत!”

आम्हांस हंसूं आलें. कारण मालगाडीचें डब्ल्यूएजी-९ आणि उतारूंच्या गाडीचें डब्ल्यूएपी-७ हीं इंजिनें सख्खीं भावंडें आहेत. दुसरें पहिल्यावरूनच बेतलेलें. दोन्हीं चित्तरंजनच्या कारखान्यांत घडलीं. बळ दोहोंचेंही सहा हजार अश्वशक्तींहून थोडें अधिक. मुख्य फरक आहे तो मोटर आणि आंस यांमधील दांतेरी चाकांत. मालगाडीच्या इंजिनांत १५ दांत्यांचें लहान चाक ७७ दांत्यांच्या मोठ्या चाकास फिरवितें. म्हणजे मोटरीचे सुमारें ५.१३ फेरे होतात तेव्हां रुळावरील चाकाचा एक फेरा होतो. दुसऱ्यांत दांते २० व ७२, म्हणजे प्रमाण ३.६. पहिल्याची ओढ सुमारें ४७ टनांची, पण धांव ताशीं १०० किलोमीटरपर्यंतच. दुसऱ्याची धांव १४० पर्यंत, पण ओढ ३३ टनांवर येते. वाचकांनीं दांत्यांची बेरीज करून पाहावी. दोहोंकडे ९२ च भरते! पांच दांते इकडचे तिकडे झाले, आणि एकाच्या वांट्यास भार आला, दुसऱ्याच्या वांट्यास वेग.

अमेरिकेंत एके काळीं हीच निवड मोटारीच्या गिऱ्हाइकाच्या हातीं असे. १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक ‘जीटीओ’ या दांडग्या मोटारीस तीन गतींची पेटी मिळे. जादा दाम मोजल्यास चार गतींची, किंवा आपोआप बदलणारी दोन गतींची. शिवाय मागच्या आंसाचें प्रमाण ३.२३ असावें कीं ३.९०, हेंही मागणीपत्रकांतच ठरवितां येई. ३.९० घेणारा पाव मैलाच्या शर्यतींत बाणासारखा सुटे. परंतु लांबच्या सडकेवर, त्याच वेगास, त्याचें इंजिन एकपंचमांशानें अधिक फेरे घेई, पेट्रोल अधिक पिई आणि कानठळ्या बसवी. पेटींत गति तीन असोत वा चार, अखेरच्या गतींत इंजिनाचे फेरे जसेच्या तसे मागें जात. तेथें शेवटचा शब्द आंसाचाच. म्हणून निवडतांना शर्यतीचा दिवस न पाहतां रोजची सडक पाहावी, हें शहाणपण.

पुतण्याच्या शब्दानें मात्र आम्हांस दुसरेंच कांहीं आठवलें. त्याचा वडील भाऊ शिकूनसवरून घरींच राहिला. आजीचें आजारपण, वाडीचें पाणी, घरपट्टीचे हेलपाटे हें सारें तोच ओढतो. धाकट्याची मुंबईंतील नोकरी आम्ही चारचौघांत कौतुकानें सांगतों, आणि थोरल्याविषयीं “जरा मंद आहे” असें म्हणून मोकळे होतों. गेल्या दिवाळींत हें वाक्य त्याच्या कानीं पडलें. तो कांहीं बोलला नाहीं. मुकाट्यानें वाडींत पाणी सोडावयास गेला. त्या फलाटावर आम्हांस आमचीच लाज वाटली.

घरीं येतांच थोरल्यास जवळ बसवून आम्ही ९२ दांत्यांचा हिशेब सांगितला. तो हंसला व उठतां उठतां म्हणाला, “काका, आजीचें औषध आणायचें राहिलें आहे. येतों मी.”

वाचकहो, अशीं दोन इंजिनें आपल्याही घरीं असतील. मालगाडीस रडतराऊत म्हणण्यापूर्वीं तिच्यामागचे डबे एकदां मोजावे.