घरातले इंटरनेट: कागदावरचा वेग आणि हातात येणारा

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून डायल-अपने येई. पुढच्या उत्तम मोडेमचीही कमाल मर्यादा सेकंदाला ५६ किलोबिटच राहिली. त्याच तांब्याच्या तारेवर आलेल्या एडीएसएल-२ प्लस या ब्रॉडबँड तंत्राची क्षमता २४ मेगाबिटपर्यंत आहे. पण एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढले की वेग झपाट्याने घटतो. ऑप्टिकल फायबरला अंतराचा हा अडसर फारसा जाणवत नाही. तिथे प्रश्न वाटणीचा असतो: फायबरच्या जीपॉन या पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटांची वाहिनी बहुधा ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते, त्यामुळे रात्री सगळेच वापर करू लागले की वेग उतरू शकतो. फाइव्ह-जी वायरलेस जोडणीला घरापर्यंत तार ओढावी लागत नाही, मात्र टॉवरवरची गर्दी आणि मधल्या इमारती तिचा वेग खालीवर करतात. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत विचारणा जाऊन उत्तर यायलाच जवळपास अर्धा सेकंद लागतो, म्हणून व्हिडिओ कॉलमध्ये बोलणे मागे पडते. जाहिरातीतले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. फाइल उतरते ती सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइटने. वायफायचा वेग भिंतींमुळे आणखी कमी होतो. म्हणून वेग तपासताना संगणक केबलने राउटरला जोडावा आणि मोजणी दुपारी व रात्री अशी दोनदा करावी. फायबर दारापर्यंत आलेले असेल, तर बहुतेक घरांसाठी तोच सर्वांत भरवशाचा पर्याय आहे.