विश्लेषण : ‘फाइव्ह स्टार’ मोटारी एकाच परीक्षेला बसल्या होत्या का?

मोटार घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या ग्राहकाला आता मायलेजच्या जोडीने स्टार सांगितले जातात. हे स्टार देणारी ‘भारत एनकॅप’ योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिची प्रमाणपत्रे देणारी ‘सीआयआरटी’ ही संस्था भोसरीत पुणे-नाशिक रस्त्यालगत आहे आणि याच रस्त्याने पुढे गेल्यावर चाकणचे कारखाने लागतात. परीक्षार्थी आणि परीक्षक असे शेजारी असताना परीक्षा सगळ्यांना सारखी होते का, हा प्रश्न साहजिक आहे.

एकाच कारखान्यातील मोटारीला शून्यही आणि चारही?

याचे सर्वांत बोलके उदाहरण चाकणचेच आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतातील पाच छोट्या मोटारी ताशी ६४ किमी वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. त्यांत चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो होती. एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य स्टार मिळाले. कंपनीच्या विनंतीवरून दोन एअरबॅग असलेली पोलो तपासली गेली, तिला चार मिळाले. सांगाडा तोच, कारखानाही तोच. कंपनीने नंतर बिनाएअरबॅगची पोलो विकणे थांबवले.

याचा अर्थ, निकाल मोटारीइतकाच व्हेरियंटच्या निवडीवर ठरतो. कंपनीने सर्वांत महागडे मॉडेल परीक्षेला पाठवले आणि ग्राहकाने सर्वांत स्वस्त घेतले, तर जाहिरातीतील स्टार त्याच्या उपयोगाचे नाहीत.

मग ‘भारत एनकॅप’मध्ये मोटार निवडते कोण?

नियमानुसार कंपनी अर्ज करते, पण मोटार ती स्वतः पाठवत नाही. योजनेचे प्रतिनिधी कारखान्यात जाऊन बेस मॉडेलमधून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणतीही एक, मोटार निवडतात. चाचणी कंपनी आणि योजना या दोहोंच्या प्रतिनिधींसमोर होते. पोलोच्या प्रकरणातला मोठा दोष इथे झाकला गेला आहे, हे मान्य करायला हवे.

दोन गोष्टी मात्र उरतात. मोटारीची आणि चाचणीची किंमत कंपनीच भरते. आणि योजना ऐच्छिक आहे. ज्या कंपनीला आपल्या मॉडेलची खात्री नाही, ती अर्जच करत नाही. यादीत नापास क्वचित दिसतात, यामागे हेही कारण आहे. ‘स्टार नाहीत’ आणि ‘शून्य स्टार’ यांतला फरक शोरूममध्ये कुणी समजावून सांगत नाही. कायद्याने सक्तीची असलेली समोरासमोरची धडक-चाचणी ताशी ५६ किमीला होते, स्टारची ६४ किमीला. आठ किमीचा फरक किरकोळ वाटतो, पण धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे येथे सुमारे ३० टक्के जास्त.

गुणांची तुलना करावी का?

येथे सर्वाधिक गफलत होते. चाकणच्याच दोन मोटारी घ्या. फोक्सवॅगन टायगूनला ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’कडून पाच स्टार मिळाले, प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी ३४ पैकी २९.६४ गुण. स्कोडा कायलॅकला जानेवारी २०२५ मध्ये ‘भारत एनकॅप’कडून पाच स्टार, ३२ पैकी ३०.८८. कायलॅक सरस, असे म्हणण्याचा मोह होतो. पण परीक्षक वेगळा, एकूण गुण वेगळे. त्याआधी, २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला मिळालेले पाच स्टार १७ पैकी १६.०६ गुणांवर होते. त्या वेळी बाजूच्या धडकेचे गुणच धरले जात नसत. तिन्ही मोटारींच्या जाहिरातीत स्टार मात्र पाचच.

यंत्रांची तुलना कशी फसते, हे बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये स्पष्ट दिसले होते. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलच्या समूहातील डीपमाइंडने जाहीर केले, की त्यांच्या ‘अल्फाझीरो’ने ‘स्टॉकफिश’विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. जाणकारांनी लगेच अटी तपासल्या. प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट, त्यामुळे स्टॉकफिशला अवघड जागी वेळ वाढवून घेण्याची सोय नव्हती. आकडेमोड साठवायला त्याला एकच जीबी जागा दिली होती. अल्फाझीरो मात्र गुगलच्या खास चिपवर चालत होता, आणि सामना भरवणारीच स्पर्धक होती. वर्षभराने ‘सायन्स’ नियतकालिकात बदललेल्या अटींवरचे हजार डाव आले: १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. अल्फाझीरो सरसच ठरला, पण विजयाचे प्रमाण २८ टक्क्यांवरून साडेपंधरावर आले. म्हणूनच काटेकोर चाचणीत दोन्ही प्रोग्रामना सारखा संगणक देतात आणि एकच सुरुवात एकदा पांढऱ्या, एकदा काळ्या मोहऱ्यांनी खेळायला लावतात.

मोटारींच्या बाबतीत इतकी बरोबरी साधत नाही, कारण वजन आड येते. समोरच्या धडकेची चाचणी साधारणपणे आपल्याच वजनाच्या मोटारीशी झालेल्या टकरीसारखी असते. पिंपरी-चिंचवडची टाटा हॅरियर आणि सफारी या ‘भारत एनकॅप’चे पहिले निकाल ठरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये दोघींना प्रौढांसाठी ३२ पैकी ३०.०८, मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४ असे अगदी सारखे गुण मिळाले. पण पाच स्टारची छोटी हॅचबॅक आणि पाच स्टारची हॅरियर एकमेकींवर आदळल्या, तर दोघींतील प्रवासी सारखेच वाचतील, असे हे स्टार सांगत नाहीत. तळेगाव चौकात कंटेनरशेजारी उभ्या असलेल्या मोटारचालकाला हे वेगळे सांगायला नको.

ग्राहकाने काय विचारावे?

चाचणी कोणत्या संस्थेने, कोणत्या वर्षी, कोणत्या व्हेरियंटची घेतली, हे आधी. मुलांच्या सुरक्षिततेचे गुण वेगळे विचारावेत. ‘भारत एनकॅप’मध्ये पाच स्टारसाठी प्रौढांचे किमान २७ आणि मुलांचे किमान ४१ गुण लागतात. काठावर पास झालेली आणि चाकणचीच महिंद्रा एक्सईव्ही ९ई, जिला प्रौढांसाठी ३२ पैकी ३२ मिळाले, या दोन्ही स्टारच्या यादीत शेजारी बसतात. तुलना करायचीच तर एकाच आकाराच्या, एकाच नियमावलीखाली तपासलेल्या मोटारींची करावी.

नियमावली पुन्हा बदलण्याच्या वाटेवर आहे. सुधारित ‘भारत एनकॅप’चा मसुदा २०२५ च्या अखेरीस पुढे आला असून त्यात पादचारी व दुचाकीस्वारांच्या सुरक्षिततेला स्वतंत्र गुण देण्याचा आणि ऑक्टोबर २०२७ पासून अंमल करण्याचा प्रस्ताव आहे. तो लागू झाला तर आजचे पाच स्टार आणि तेव्हाचे पाच स्टार एकाच शोरूममध्ये, एकाच स्टिकरवर दिसतील.